शेतकरी कुटुंबाची सहल : मुक्काम शहरात की बागेत?

सुगी सरली, कडब्याची गंजी लागली आणि धान्य कणगीत पडले, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात बाहेरगावी जाण्याची भाषा सुरू होते. पूर्वी हे बाहेर जाणे बहुधा यात्रा, लग्नकार्य अथवा लेकीचे सासर एवढ्यापुरतेच असे. आता मुलांच्या शाळेला सुटी लागली, की समुद्र पाहू, किल्ला पाहू, चार दिवस घराबाहेर राहू, अशी इच्छा खेड्यातील घरांतूनही बोलून दाखविली जाते. ही इच्छा चैनीची आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. वर्षभर मातीशी झुंजणाऱ्या माणसांना चार दिवसांचा विसावा मिळणे अगत्याचे आहे, आणि तो सर्व कुटुंबाला एकत्र मिळाला तर अधिकच बरे.

सहल ठरली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. हा प्रश्न फारसा विचार न करताच सोडविला जातो. जिल्ह्याच्या गावी उतरावयाचे, एस. टी. स्थानकाजवळचे एखादे लॉज गाठावयाचे, आणि तेथून दिवसभर रिक्षा करून प्रेक्षणीय स्थळे पाहावयाची, ही ठरून गेलेली रीत होय. अलीकडे दुसरा मार्गही उपलब्ध झाला आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले, आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून आपल्या शेतावर पाहुण्यांची सोय करणारे शेतकरी आज अनेक जिल्ह्यांत आहेत. परंतु ही सोय शहरातील लोकांसाठी आहे, आपण शेतकरी असता पुन्हा शेतावरच कशाला जावयाचे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

आमचे मत असे, की चार दिवसांच्या सहलीत तीन रात्रींचा मुक्काम निराळ्या हवापाण्याच्या मुलखातील शेतकऱ्याच्या बागेत करावा आणि मधला एक दिवस शहराला द्यावा. मात्र हा निर्णय घरातील स्त्रीच्या संमतीवाचून घेऊ नये. असे का, हे एका उदाहरणाने पाहू.

मंगळवेढ्याचे कुटुंब आणि रत्नागिरीचा मुलूख

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी घेणारे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. पतिपत्नी, वृद्ध आईवडील आणि शाळेत जाणारी दोन मुले, अशी सहा माणसे. ज्वारीची काढणी व मळणी होऊन मार्चअखेर हात मोकळा होतो. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून रत्नागिरीस जाण्याचे ठरते. सांगली-मिरजेवरून कोल्हापूर, आणि तेथून आंबा घाट उतरून सुमारे १३० किलोमीटरवर रत्नागिरी. पहिला दिवस प्रवासातच सरतो.

आता शहराची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रत्नागिरी शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच गावी झाला. ते जन्मस्थान जतन केलेले आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून येथे स्थानबद्ध ठेवले आणि १९१६ साली तो येथेच मरण पावला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही उभा आहे. १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर, भगवती देवीचा रत्नदुर्ग, मिरकरवाड्याचे मासेमारीचे बंदर, ही सर्व स्थळे शहरात वा शहरालगत आहेत. शिवाय जिल्हा रुग्णालय जवळ, एस. टी. स्थानक जवळ आणि बाजार जवळ. वृद्ध माणसे बरोबर असता या सोयींचे मोल कमी लेखता येत नाही.

तथापि ही सर्व स्थळे एका दिवसात, फार तर दीड दिवसात, पाहून होतात. पुढचे दोन दिवस लॉजच्या खोलीत काय करावयाचे? मुले कंटाळतात, वडील माणसे खाटेवर बसून राहतात, आणि खाणावळीचे बिल मात्र वाढत जाते. परत आल्यावर आठवण राहते ती समुद्राची आणि झालेल्या खर्चाची. ज्या मुलखात जाऊन आलो, तेथील माणूस कसा जगतो, काय पिकवतो, कशाने नाडला जातो, हे कळतच नाही.

बागेत काय मिळते?

हेच कुटुंब पावसच्या किंवा गणपतीपुळ्याच्या बाजूला, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरील एखाद्या वाडीत उतरले, तर पहिल्याच सकाळी त्यास आपल्या शेतीहून सर्वस्वी वेगळी शेती दिसेल. मंगळवेढ्यास काळी माती खोल, आणि पाऊस मात्र वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर. रत्नागिरीस पाऊस तीन हजार मिलिमीटरहून अधिक, पण माती थोडी आणि खाली जांभ्याचा कातळ. त्या कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यावयाचे, बाहेरून माती आणून ते भरावयाचे आणि त्यांत हापूसची कलमे उभी करावयाची, असा उद्योग तेथील शेतकऱ्यांनी केला आहे. आपल्याकडे माती आहे आणि पाणी नाही; त्यांच्याकडे पाऊस आहे आणि माती नाही.

याहूनही मोलाची एक गोष्ट एप्रिल-मे महिन्यांत तेथे दिसते. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात कोकणातील कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जाते आणि उतारावरून वाहून समुद्रास मिळते. पाऊस भरपूर पडला की सारे प्रश्न सुटले, असे मानणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने हे स्वतः पाहणे इष्ट आहे. पाणी पडण्याइतकेच ते अडविणे महत्त्वाचे आहे, ही गोष्ट दहा व्याख्यानांनी पटत नाही, ती अशा एका विहिरीत डोकावल्याने पटते.

मुलांच्या दृष्टीने पाहावे, तर आंबा केवळ बाजारात पाहिलेल्या मुलांना तो देठासह कसा उतरवितात, त्यासाठी झेला कसा वापरतात, देठ तुटल्यास चीक लागून फळ कसे डागळते, भाताच्या पेंढ्यात आढी कशी लावतात आणि वजनाप्रमाणे फळे निवडून पेटी कशी भरतात, हे सारे पाहावयास मिळते. हापूस दरवर्षी सारखा फळत नाही आणि कापल्यावर आत साका निघतो, या त्याच्या दोन खोडी. त्यांवर उपाय म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ साली प्रसारित केली. एखाद्या पिकाची खोड ओळखून तिच्यावर माणसे वर्षानुवर्षे कशी परिश्रम करतात, हे मुलांना बागेतच समजते. शेती म्हणजे अडाण्याचा धंदा, असे जे त्यांच्या कानांवर सतत पडते, त्याला याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही. घरच्या शेताविषयी मुलाला जे बापाच्या तोंडून ऐकावेसे वाटत नाही, ते परमुलखातील शेतकऱ्याच्या तोंडून तो कुतूहलाने ऐकतो.

नारळाच्या बागेचेही तसेच. नारळाची झाडे साडेसात मीटर अंतरावर लावली, म्हणजे मधे बरीच जागा राहते. त्या जागेत जायफळ, दालचिनी, अननस लावून आणि नारळाच्या खोडावर मिरीचा वेल चढवून एकाच जमिनीतून अनेक पिके घेण्याची ‘लाखी बागे’ची पद्धत विद्यापीठाने पुढे आणली. रत्नागिरी शहराजवळ, खाडीपलीकडे भाट्ये येथे विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. शहराच्या दिवशी वाकडी वाट न करता तेही पाहता येते. अर्थात मंगळवेढ्यास नेऊन मिरी लावावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु मोकळी पडलेली जागा, सावली आणि बांध यांचा हिशेब मांडावयाचा असतो, हा विचार कोणत्याही मुलखात नेता येतो.

घरातील स्त्रीचे मत

येथपर्यंतचे विवेचन वाचून घरधन्याने लगेच बागेतील मुक्काम ठरवू नये. कृषिविस्ताराच्या कार्यात शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलींना जुने स्थान आहे. पण त्या सहलींना बहुधा पुरुष गेले आणि स्त्रिया गोठा सांभाळीत घरी राहिल्या. कुटुंबाच्या सहलीत तीच चूक निराळ्या रूपाने होण्याचा संभव असतो.

शेतावरील मुक्कामाच्या जाहिरातीत ‘गाईचे दूध काढण्याचा आनंद घ्या’, ‘चुलीवर भाकरी थापून पाहा’, असे लिहिलेले असते. शहरातील माणसाला त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जी बाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पहाटे उठून शेण काढते, धारा काढते, भाकरी थापते आणि पुन्हा खुरपणीला जाते, तिला त्यात कसला आनंद? चार दिवस तरी शेणाचा वास नको, असे ती म्हणाली, तर तिचे म्हणणे रास्त आहे. तिला दुकाने पाहावयाची असतील, चित्रपट पाहावयाचा असेल, कोणी आपल्याला म्हशीविषयी विचारू नये असे वाटत असेल, तर त्या कुटुंबाने निःशंकपणे शहरात उतरावे. जिच्या वाट्याला घरी विसावा नाही, तिला सहलीतही तो मिळणार नसेल, तर ती सहल कुणाची, हा प्रश्न विचारावाच लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडील स्त्री दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली, तर स्वस्थ बसत नाही. यजमानीण एकटी राबताना पाहून ती पदर खोचते आणि स्वयंपाकघरात शिरते. म्हणून ओळखीच्या वा नात्याच्या घरी फुकट उतरण्यापेक्षा रीतसर पैसे देऊन उतरणे बरे. दर ठरविताना जेवणखाण, चहा, भांडी व अंथरूण-पांघरूण यांपैकी काहीही आपल्या माणसांनी करावयाचे नाही, हे दोन्ही बाजूंस स्पष्ट असावे. पैसे दिले, की तिला पाहुणचार घेण्याचा संकोच राहत नाही, आणि यजमानिणीच्या श्रमाचेही मोल होते.

असा मुक्काम असेल, तर बागेतही स्त्रियांना पाहण्यासारखे पुष्कळ असते. कोकमाच्या फळाची साल त्याच फळाच्या मिठाळ रसात पुनःपुन्हा बुडवून व उन्हात वाळवून आमसूल कसे करतात. आगळ कसे टिकवितात. आंबापोळी कशी घालतात. काजूचा गर अखंड कसा काढतात, हे सर्व उद्योग तेथे बहुतांशी स्त्रियांच्या हातचे आहेत. कृतीइतकाच हिशेबही विचारून घ्यावा. माल कोण विकतो, पैसा कुणाच्या हाती येतो, बचत गटाचा त्यात काय वाटा असतो, या गोष्टी दोन स्त्रिया माजघरात बसून जितक्या मोकळेपणाने बोलतील, तितक्या कोणत्याही मेळाव्यात बोलल्या जात नाहीत.

हंगाम आणि खर्च

हंगामाचा विचार आधी करावा. एप्रिल-मे महिन्यांत आंबा, काजू व कोकम यांची धामधूम दिसते. पण यजमानास बोलावयास सवड कमी असते, उकाडा फार असतो, आणि चाकरमानी गावी आल्याने मे महिन्यात जागा मिळणे कठीण व दर चढे असतात. दिवाळीच्या सुटीत भाताची कापणी उरकत आलेली असते, हवा बरी असते आणि यजमानास सवड असते. मात्र झाडावर फळ नसते. शिकण्यासाठी जावयाचे असेल, तर एप्रिलचा उत्तरार्ध साधावा. निवांतपणासाठी जावयाचे असेल, तर दिवाळी बरी.

खर्चाच्या बाबतीत बागेतील मुक्काम स्वस्तच पडतो, असा भ्रम नसावा. लॉजचा दर खोलीवर असतो व जेवण निराळे. बागेतील दर पुष्कळदा माणशी असतो व त्यात जेवण धरलेले असते. सहा माणसे व तीन रात्री म्हणजे अठरा माणशी मुक्काम झाले. लहान मुलांना काय सवलत, रात्रीची न्याहारी व दोन जेवणे धरली आहेत का, स्थानकापासून वाडीपर्यंत व एक दिवस शहरात जाऊन येण्यास वाहनाचे किती, हे सर्व कागदावर मांडून मगच तुलना करावी. एस. टी.च्या प्रवासात १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील वृद्धांस २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे, हेही हिशेबात धरावे. सहलीसाठी कर्ज काढणे मात्र कोणत्याही परिस्थितीत हितावह नाही. यंदा साधत नसेल, तर पुढील सुगीस जावे.

आगाऊ विचारून घ्यावयाच्या गोष्टी

जागा ठरविण्यापूर्वी यजमानास पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. केंद्राची नोंदणी झालेली आहे काय? यजमान स्वतः शेती करतो, की बाग नावालाच असून धंदा केवळ खोल्या भाड्याने देण्याचा आहे? संडास व न्हाणीघर खोलीलगत आहे, की रात्री अंगण ओलांडून जावे लागते? वृद्धांना किती पायऱ्या चढाव्या लागतील? उन्हाळ्यात पाणी पुरते काय? प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर आहे व रात्री वाहन मिळते काय?

शेवटचा प्रश्न भीती घालण्यासाठी नाही. रत्नागिरीच्या कातळावर व झुडपांत फुरसे जातीचा विषारी सर्प आढळतो. म्हणून रात्री बॅटरीवाचून व पायांत काही घातल्यावाचून बागेत फिरू नये. समुद्राविषयी तर अधिकच सावधपणा हवा. देशावरच्या मुलांना लाटांची ओळख नसते. गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे व तेथे पूर्वी माणसे बुडालेली आहेत. स्थानिक लोक जेथे उतरू नका म्हणतील, तेथे उतरू नये.

घरात कोणास नित्य औषधोपचार लागत असेल, तान्हे मूल असेल, अथवा वृद्धांस चढउतार झेपत नसेल, तर शहरातच मुक्काम करावा आणि एक दिवस बाग पाहून यावी. त्यात काही कमीपणा नाही. मुक्काम कोठे केला, यापेक्षा कुटुंबातील प्रत्येक माणूस सुखाने परतला काय, हे महत्त्वाचे होय.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी कुटुंबे सहलीला जात नाहीत, याचे मुख्य कारण बहुधा पैसा नसून घरचा गोठा हे असते. जनावरांना वैरणपाणी कोण करील व धारा कोण काढील, या एका प्रश्नावर किती तरी बेत मोडतात. येथे कार्यकर्त्यांनी पुढाकार घेण्यासारखा आहे. पेरणीस व मळणीस आपण सावड करतो, तद्वत् गोठ्याचीही सावड करता येईल. यंदा एका घराने दुसऱ्याची जनावरे चार दिवस सांभाळावी, पुढील वर्षी दुसऱ्याने त्याची. बचत गटाच्या बैठकीत अशी चार-पाच घरांची जुळणी करून देणे मुळीच अवघड नाही, आणि त्यास शासनाच्या कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

दुसरे काम नोंदवहीचे. गावातून कोण कोठे जाऊन आले, मुक्काम कसा होता, सांगितलेला दर व घेतलेला दर यांत फरक पडला काय, स्त्रियांचे मत काय पडले, हे एका वहीत लिहून ठेवावे. जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या अनुभवावर शेतकऱ्याचा विश्वास अधिक असतो, आणि तो योग्यही आहे.

ज्या वाचकांनी स्वतःच्या शेतावर पाहुण्यांची सोय केली आहे, त्यांनाही एक विनंती आहे. शहराच्या हॉटेलाची नक्कल करण्यासाठी कर्ज काढून पोहण्याचा तलाव व वातानुकूलित खोल्या बांधण्याची घाई करू नये. शेतकरी पाहुण्यास स्वच्छ संडास, वेळेवर साधे जेवण आणि खरी माहिती एवढे पुरते. औषधाची फवारणी किती वेळा करावी लागते, मजुरी किती जाते, व्यापारी भाव कसा पाडतो, हे त्यास न लपविता सांगावे. तोही त्याच्या ज्वारीची कथा तशीच सांगेल.

महाराष्ट्रातील एका भागाचा शेतकरी दुसऱ्या भागाच्या शेतकऱ्यास फार थोडा ओळखतो. देशावरच्या माणसास कोकणची हिरवळ तेवढी दिसते, आणि कोकणच्या माणसास देशावरची सपाट रुंद शेते. दोघांचीही ओढग्रस्ती एकमेकांस दिसत नाही. चार दिवसांच्या मुक्कामाने ती थोडी जरी दिसली, आणि घरातील स्त्रीला त्या चार दिवसांत आयते पान वाढलेले मिळाले, तर सहलीचा खर्च सत्कारणी लागला असे समजावे. यंदाची सुगी उरकताना प्रत्येक घराने या गोष्टीचा विचार करावा. आणि विचार करावयास बसताना घरातील स्त्रियांना आधी विचारावे.